झेंडूतला खेकडा

परवा उचगावात मामांच्या शेतात झेंडूचे फोटो काढत होतो. एका फुलावर मधमाशी बसलेली, पण हलेचना. झूम केलं, तर खालून एका पिवळ्याधमक कोळ्यानं तिला धरलेलं!

हा खेकडा कोळी. पुढच्या पायांच्या दोन जोड्या लांब आणि चाल तिरकी, म्हणून हे नाव. याचं कुळ थॉमिसिडी. स्वीडनच्या सुंदेवाल यांनी ते 1833 मध्ये मांडलं. जगभरात 2000 हून जास्त जाती. काही फुलांवर राहतात, काही सालीवर, काही पाचोळ्यात. भारतातला अमायशिया तर पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांसारखाच दिसतो आणि त्यांनाच खातो!

हे कोळी शिकारीसाठी जाळं विणत नाहीत, दबा धरतात. काही जातींच्या माद्या फुलाप्रमाणे पांढऱ्या-पिवळ्या होतात. पण रंग बदलायला काही दिवस लागतात.

मामा म्हणाले, "मधमाश्या खातंय व्हय? मग मारूया की औषध!"

म्हटलं, "मामा, हा माश्या-किडेपण खातो. एखादी मधमाशी त्याच्या तोंडी जाईल, पण औषधानं किती जातील?"

त्या दिवशी फवारणी राहिली. तुम्हालाही फुलावर न हलणारी माशी दिसली, तर जरा खाली बघा!