रायफल, जुनी एकबारी
प्रत्येक बारासाठी काडतूस स्वतंत्रपणे हाताने भरावे लागते अशी, नळीत सर्पिल खाचा असलेली बंदूक. ब्रिटिश सैन्याने स्नायडर १८६६ मध्ये, तर मार्टिनी-हेन्री १८७१ मध्ये स्वीकारली. १८५७ च्या उठावानंतरच्या धोरणानुसार हिंदी फलटणींना गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुने शस्त्र मिळे.

स्नायडरचा घोडा बाहेर असून नळीमागील ठोकळा उजवीकडे उलटतो. मार्टिनी-हेन्रीला बाहेर घोडा नसतो. चापामागील तरफ ओढली की ठोकळा खाली झुकतो. अस्सल सरकारी रायफलीवर सामान्यतः मुकुट, कारखान्याचे नाव व वर्ष कोरलेले असते. वायव्य सरहद्दीवरील नकलांत अक्षरे उलटी वा चुकीची आढळतात.

दोन्हींत काळी दारू वापरीत. धूमहीन दारूच्या दाबाने जुनी नळी फुटू शकते. काळ्या दारूची काजळी ओलावा शोषते. त्यामुळे मुंबईसारख्या दमट हवेच्या शहरात बार काढल्यानंतर नळी त्वरित पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावणे आवश्यक असते.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ नुसार, दुरुस्तीनंतरही बार निघू शकत नाही अशा कालबाह्य शस्त्रास तो अधिनियम लागू नाही. बारक्षम रायफल कितीही जुनी असली, तरी ती वापरण्यास, बाळगून फिरण्यास वा वाहून नेण्यास परवाना लागतो. निकामी केल्यास तिची मूळ यंत्रणा, पर्यायाने ऐतिहासिक मूल्य, कायमचे नष्ट होते.