सोसायटीच्या दप्तराचें संगणक-स्थलांतर

ज्या सोसायट्यांचें दप्तर 'विंडोज १०' असलेल्या संगणकांवर आहे, त्यांच्यापुढें आतां एक अडचण उभी आहे. त्या प्रणालीची मोफत निगा कंपनीनें ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, आणि पुढील आवृत्ति पुष्कळ जुन्या यंत्रांवर बसत नाहीं. चांगलीं चालणारीं यंत्रें मोडींत काढावीं, कीं त्यांवर लिनक्ससारखें खुलें सॉफ्टवेअर घालावें? खुलें म्हणजे ज्याची घडण कोणासहि पाहतां, बदलतां व दुसऱ्यास देतां येते तें. आम्ही त्याला घरच्या बियाण्याची उपमा देतों. दरसाल दुकानाची पायरी चढावी लागत नाहीं खरी. पण निवडणें, वाळवणें, राखणें हें सारें आपल्याच अंगावर येतें.

जर्मनींतील म्यूनिक शहराच्या नगरपालिकेपुढें २००३ सालीं हाच प्रश्न आला होता. तिच्या सुमारें १४,००० संगणकांवरील विंडोज एनटीची निगा संपत आली होती. कंपनीचे मुख्य अधिकारी स्टीव्ह बामर स्वतः महापौरांस भेटून गेले, तरी लिनक्सकडे जाण्याचा ठराव झाला. यंत्रें बदलण्यास २००६ त आरंभ होऊन काम २०१३ अखेर पुरें झालें. इतका काळ लागण्याचें मोठें कारण नुसतीं यंत्रें नव्हेत. प्रत्येक खात्याची संगणक-व्यवस्था निराळी, पत्रांचे व अर्जांचे नमुने निराळे, आणि त्या नमुन्यांत आपोआप चालणाऱ्या बारीकसारीक आज्ञा गुंतलेल्या. तो गुंता सोडविण्यास 'वोलमक्स' नांवाचें साधन नगरपालिकेस स्वतः घडवावें लागलें. पुढें २०१७ त तिनेंच विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. कोणी दोष लिनक्सला दिला, कोणी विस्कळित कारभाराला. आमचें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें.

फ्रान्सच्या जांदार्मरी ह्या पोलिस दलाचा क्रम आम्हांस अधिक घेण्यासारखा वाटतो. त्यांनीं २००५ पासून विंडोज तसेंच ठेवून त्यावर ओपनऑफिस आणलें, नंतर फायरफॉक्स व थंडरबर्ड आणलें, आणि माणसांचा हात बसल्यावर २००८ पासून खालची प्रणाली बदलण्यास घेतली. सोसायटीनेंहि चालू यंत्रावरच प्रथम लिब्रऑफिस घालावें. (ओपनऑफिसचाच हा २०१० सालीं फुटलेला फांटा.) सचिवानें कांहीं महिने पत्रें व पत्रकें त्यांतच करावीं.

आमच्याकडे मात्र एक अडचण म्यूनिककरांहून निराळी आहे. जुनीं मराठी इतिवृत्तें पुष्कळ ठिकाणीं युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेलीं आहेत. तेथें संगणकानें प्रत्यक्ष सांठविलेलीं असतात तीं रोमन अक्षरांचीं चिन्हें. टंक त्यांस केवळ देवनागरीचा अंगरखा घालतो. टंक नसेल तर 'संचालक मंडळ' ह्या शब्दांच्या जागीं निरर्थक रोमन अक्षरें दिसतात, आणि टंक असला तरी सभासदाचें नांव शोधून सांपडत नाहीं. अशा मजकुराचें युनिकोडांत रूपांतर करणारीं साधनें आहेत, परंतु रफार, जोडाक्षरें व ऱ्हस्व इकार यांत चुका राहूं शकतात. सभासदांचीं नांवें, गट नंबर व कर्जाच्या रकमा मूळ कागदाशीं ताडून पाहिल्याखेरीज त्यांवर विसंबूं नये. एका गट नंबराच्या चुकीनें बोजा भलत्याच्याच नांवावर दिसूं लागेल! हें काम जुनीं यंत्रें चालू आहेत तोंवरच उरकावें. आधीं अलीकडचीं वर्षें घ्यावीं, आणि फार जुन्या दप्तराच्या छापील प्रती काढून ठेवाव्या.

त्याबरोबर एक यादी हवी: कोणतें काम कोणत्या साधनावर चालतें, आणि तें विंडोजवांचून चालेल काय? हिशेबाचा कार्यक्रम व डिजिटल सहीचें साधन येथें बहुधा अडेल. हिशेबापुरतें एखादें विंडोजचें यंत्र ठेवण्यांत कमीपणा नाहीं. तें जुनें असल्यास इंटरनेटपासून तोडावें. हिशेबच नव्या कार्यक्रमावर न्यावयाचा असेल, तर मार्चअखेरची वसुली व तपासणीचे दिवस टाळून एक महिना दोन्हींकडे नोंदी कराव्या. दोन्ही तेरजा पैशापर्यंत जुळल्यावरच जुना कार्यक्रम बंद करावा.

परवान्याचे जे पैसे वांचतील ते नफ्यांत धरूं नयेत. ते सचिवाच्या शिक्षणास आणि तालुक्याच्या गांवीं वेळेवर येणारा जाणता कारागीर बांधून ठेवण्यास लागतील, व त्याची तरतूद अंदाजपत्रकांत आधींच करावी.