वाघोऱ्याच्या घळींतील धबधबा

परभणी जिल्ह्याच्या सपाट काळ्या रानांतून वाहणारी पूर्णा पाहून तिचें माहेर डोंगरांत असेल असें सहसा मनांत येत नाहीं. अजिंठ्याच्या डोंगररांगेंत उगम पावून ती जिंतूर तालुक्यांत येलदरीच्या धरणांत विसावते आणि पुढें गोदावरीस मिळते. त्याच रांगेच्या उत्तर अंगास मात्र वाघोरा नांवाचा ओढा कड्यावरून उडी घेऊन तापीच्या खोऱ्यांत उतरतो. एकाच डोंगरावरील पावसाचा एक वांटा असा बंगालच्या उपसागरास, तर दुसरा अरबी समुद्रास जातो.

वाघोऱ्याच्या या घळींतच अजिंठ्याचीं लेणीं आहेत. सुमारें 76 मीटर उंचीचा कडा घोड्याच्या नालाप्रमाणें वळला असून त्यांत सुमारें 30 लेणीं कोरलेलीं आहेत. बहुतेक प्रवासी चित्रें पाहून परततात. परंतु ओढ्याच्या कांठानें झाडींतून थोडें आंत गेलें, कीं वळणाआड लपलेला धबधबा दिसूं लागतो. पाणी एका कुंडांतून दुसऱ्या कुंडांत उतरत येतें. म्हणून या स्थळास सातकुंड म्हणतात.

ही घळ या धबधब्यानेंच घडविली आहे. सुमारें 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीं येथें लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले. त्यांतील कांहीं घट्ट, तर कांहीं ठिसूळ आहेत. पडणारें पाणी खालचा ठिसूळ थर पोखरतें, आधार सुटलेला वरचा थर कोसळतो आणि धबधबा थोडा मागें सरतो. असा तो युगानुयुगें मागें सरत गेला, व त्याच्यापुढें घळ उरली. भोंवऱ्यांत फिरणाऱ्या दगडगोट्यांनीं कुंडें खोल केलीं. याच जातीच्या खडकाची झीज होऊन परभणीची कापूस पिकविणारी काळी माती तयार झाली.

पाण्यानें हा कडा उघडा केला नसता, तर शिल्पकारांस अशी उभी भिंत लाभली नसती. येथील सर्वांत जुनीं लेणीं इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमाराचीं आहेत. पावसाळ्यांत एके ठिकाणीं राहावें, असा बौद्ध भिक्षूंचा नियम होता; त्यामुळें धबधब्याचा घोष त्यांच्या वर्षावासाचा सोबती असे. पुढें हीं लेणीं झाडींत लपलीं. 1819 सालीं शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यामुळें त्यांची वार्ता बाहेरच्या जगास कळली.

उन्हाळ्यांत येथें कोरडे खडक दिसतात; धबधबा पाहावयाचा तो पावसाळ्यांतच. मात्र घळींत ऊन असतांनाही वरच्या पठारावर पाऊस कोसळत असूं शकतो, आणि तो खालून दिसत नाहीं. म्हणून पाणी गढूळ होऊं लागलें, कीं मुलाबाळांसह तत्काळ ओढ्याचें पात्र सोडून उंचावर जावें. ज्या पाण्यानें कडा कापला, त्याच्यापुढें माणसाचें बळ तें काय!