संगणकाचीही आगोट भरूया

आजचा विषय आहे घरच्या संगणकात शिरणारा व्हायरस. तो शिरलाय हे ओळखायचं कसं, शिरू नये म्हणून काय करायचं आणि शिरलाच तर काढायचा कसा, हे आज समजून घेऊया.

"हा पोरांचा विषय, आपल्याला काय करायचाय?" असं काही जणी म्हणतील. पण आपल्या गटांत आता काय चित्र दिसतं ते बघा. मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेला लॅपटॉप सचिवताईंच्या घरी असतो. त्यावर मुलगी अभ्यास करते, धाकटा गेम खेळतो आणि त्यातच गटाची कर्जवाटपाची यादी असते. हमरापूर, जोहे भागात ज्यांच्या घरी गणपतीचं काम चालतं, त्यांच्या ऑर्डरी त्यातच असतात: गिऱ्हाईक कुठलं, मूर्ती किती फुटांची, आगाऊ किती आले. पापड, पोहे, मसाले करणाऱ्या गटांची लेबलं आणि बिलंही त्यातच. संगणक बिघडला तर दुरुस्त होतो. पण यादी गेली आणि "मी हप्ता भरला होता", "नाही, भरला नव्हता" असा वाद गटात सुरू झाला, तर तो मिटता मिटत नाही. म्हणून हा विषय आपलाच आहे.

व्हायरस म्हणजे काय?

पावसाळ्यात ओल लागून संगणक बिघडतो, ते वेगळं. व्हायरस ओलीने किंवा धुळीने होत नाही. तो एक प्रोग्राम असतो आणि कुणीतरी तो मुद्दाम लिहिलेला असतो. पेन ड्राइव्ह, ईमेल, इंटरनेटवरून उतरवलेली फाइल, अशा कशाच्या तरी आडून तो आत येतो, स्वतःच्या प्रती काढतो आणि पुढच्या संगणकात जातो.

आयबीएम पीसी प्रकारच्या संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस १९८६ सालचा. त्याचं नाव 'ब्रेन'. लाहोरमध्ये संगणकाचं दुकान चालवणाऱ्या दोघा भावांनी तो लिहिला होता आणि त्यात चक्क स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. तेव्हा पेन ड्राइव्ह नव्हते. हा व्हायरस फ्लॉपीवरून हातोहात जगभर गेला.

व्हायरस काढण्याच्या कामातही दोन भाऊ पुढे आले, आणि ते आपल्या महाराष्ट्रातले. कैलास काटकर हे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सोडून ते पुण्यात रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, मग स्वतःचं दुकान काढलं. त्यांचा धाकटा भाऊ संजय कॉलेजात संगणक शिकत होता. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडायचे. ते काढणारे प्रोग्राम संजय यांनी लिहिले आणि त्यातून १९९५ साली 'क्विक हील' हा अँटिव्हायरस बाजारात आला. म्हणजे हे काही जादूटोण्याचं शास्त्र नाही. नीट बघणाऱ्याला ते कळतं.

ओळखायचं कसं?

अंगात कसर आली की लक्षणं दिसतात, तसंच इथेही आहे.

संगणक अचानक फार हळू चालतो किंवा काही काम चालू नसताना आतला पंखा जोराने फिरत राहतो.

पेन ड्राइव्ह उघडल्यावर आपल्या फोल्डरच्या जागी छोटा बाण असलेली चिन्हं दिसतात.

न मागता जाहिरातींच्या चौकटी उघडतात, किंवा इंटरनेट उघडल्यावर येणारं पहिलं पान बदललेलं असतं.

अँटिव्हायरस आपोआप बंद पडलेला असतो आणि चालू करायला गेलं तर चालू होत नाही.

आपण न पाठवलेले ईमेल आपल्या नावाने ओळखीच्यांना जातात.

फायलींची नावं बदलतात, त्या उघडत नाहीत आणि पैसे मागणारी पाटी येते. या प्रकाराला 'रॅन्समवेअर' म्हणतात. रॅन्सम म्हणजे खंडणी. फायलींना कुलूप घालून किल्लीचे पैसे मागायचे, असा हा धंदा.

संगणक नुसता हळू झाला म्हणून घाबरू नका. जागा भरली असली किंवा यंत्र जुनं झालं असलं तरी तो हळू होतो. दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर मात्र तपासा.

एक खोटं लक्षणही माहीत असू द्या. इंटरनेटवर काही बघताना अचानक लाल पडदा येतो, भोंगा वाजतो आणि "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा" असं दिसतं. फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलून संगणकाचा ताबा मागतो आणि मग पैसे. खरा अँटिव्हायरस असा फोन नंबर देत नाही. फोन करू नका. ते पान बंद करा. बंद होत नसेल तर संगणकच बंद करून पुन्हा चालू करा.

न्हावा शेवाला काय झालं?

आपल्या पेणला लागून उरण तालुका आहे आणि उरणला न्हावा शेवा बंदर. पेणच्या गणेशमूर्ती समुद्रमार्गे परदेशी जातात त्या याच बंदरातून. २७ जून २०१७ रोजी या बंदरातल्या 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' या टर्मिनलचं काम संगणकातल्या व्हायरसमुळे ठप्प झालं. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय आणि कुठल्या जहाजावर चढवायचाय, हे सगळं संगणक सांगतो. तोच बंद पडल्यावर करायचं काय?

तो व्हायरस आला होता युक्रेन देशातून. तिथे हिशेबाचं एक सॉफ्टवेअर बरेच व्यावसायिक वापरत. त्याच्या अपडेटमध्येच व्हायरस घुसवलेला होता. तिथून तो 'मर्स्क' या मोठ्या जहाज कंपनीत शिरला. न्हावा शेवाचं ते टर्मिनल याच कंपनीच्या समूहाशी जोडलेलं. त्याला पुढे 'नॉटपेट्या' असं नाव पडलं. तो खंडणी मागत होता, पण पैसे भरले तरी फायली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. मर्स्कला चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले.

यातली एक गोष्ट आपण लक्षात ठेवायची. तो ज्या फटींतून पसरला त्यातली एक बुजवणारं विंडोजचं अपडेट त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे तीन महिने आधी, आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांच्याकडे ती फट तशीच उघडी राहिली.

संगणकाची पंचसूत्री

गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. तशीच ही संगणकाची.

पहिलं सूत्र, अपडेट टाळू नका. विंडोज अपडेट मागतं तेव्हा आपण "नंतर" म्हणतो आणि ते नंतर कधी येत नाही. आठवड्यातून एकदा तेवढा वेळ द्या. आपल्याकडे कुठली विंडोज आहे तेही बघून घ्या. विंडोज ७ ची मोफत अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबली आणि विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. सेकंडहँड संगणक घेताना हे आधी विचारा.

दुसरं सूत्र, पहारेकरी जागा ठेवा. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस फुकट, आतच असतो. तो चालू आहे ना ते बघा. दुसरा विकत घेतला तरी चालेल, पण दोन-दोन एकदम नकोत. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

तिसरं सूत्र, पेन ड्राइव्हला पायपुसणं दाखवा. आपण प्रिंट काढायला तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात जातो. तिथल्या एका संगणकाला दिवसभरात कितीतरी पेन ड्राइव्ह लागतात. म्हणून बाहेर जाणारा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा आणि त्यात छापायची तेवढीच फाइल न्या. घरी आणल्यावर त्याच्या चिन्हावर उजवं बटण दाबून आधी स्कॅन करा, मगच उघडा.

चौथं सूत्र, फुकटच्या सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. महागडं सॉफ्टवेअर कुलूप तोडून फुकट देतात, त्याला 'क्रॅक' म्हणतात. व्हायरसची ही आवडती वाट. पोरांचे फुकटचे गेम त्यातलेच. मराठी टायपिंगसाठीही असं काही उतरवायची गरज नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषेत मराठी जोडलं की कीबोर्ड मिळतो.

पाचवं सूत्र, अनोळखी फाइल उघडू नका. "तुमचं बिल", "अनुदानाची यादी", "कुरिअरची पावती" अशा नावाने फाइल येते. नाव पीडीएफचं असतं, पण अगदी शेवटी 'ईएक्सई' लिहिलेलं असतं. तो कागद नाही, प्रोग्राम आहे. वर्डची किंवा एक्सेलची फाइल उघडल्यावर 'एनेबल कंटेंट' दाबा म्हणाली तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारल्याशिवाय दाबू नका. मोबाइलवर लग्नपत्रिकेच्या नावाने 'एपीके' फाइल येते, तिलाही हाच नियम.

शिरलाच तर काढायचा कसा?

आधी इंटरनेट बंद करा आणि लावलेले पेन ड्राइव्ह काढा, म्हणजे तो पुढे पसरत नाही. त्या संगणकावरून बँकेचं काम करू नका. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, चांगल्या मोबाइलवरून बदला.

मग 'विंडोज सिक्युरिटी' उघडा. त्यात 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', त्यात 'स्कॅन ऑप्शन्स', आणि तिथे 'फुल स्कॅन' निवडा. याला काही तास लागू शकतात. चार्जर लावून ठेवा आणि आपली कामं उरका. सापडलेल्या फाइलपुढे 'क्वारंटाइन' किंवा 'रिमूव्ह' असं येईल. क्वारंटाइन हा शब्द कोरोनात आपण सगळ्यांनी ऐकलाय. इथेही अर्थ तोच, वेगळं कोंडून ठेवणं.

तेवढ्याने गेला नाही तर त्याच यादीत 'ऑफलाइन स्कॅन' आहे. उघडी कामं आधी सेव्ह करा. संगणक बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि विंडोज पूर्ण उठायच्या आत तपासणी होते. दडून बसलेला व्हायरस त्यात सापडू शकतो. साधारण पंधरा मिनिटं लागतात. त्यानंतर सेटिंगमधल्या 'अ‍ॅप्स'ची यादी बघून, आपण न घातलेले प्रोग्राम काढून टाका. कुठला आपला आणि कुठला परका ते कळत नसेल तर जाणकाराला विचारूनच काढा.

केंद्र सरकारचं 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून आहे. त्यांच्या संकेतस्थळावर असे प्रोग्राम काढायची साधनं मोफत मिळतात.

पेन ड्राइव्हमध्ये फोल्डरच्या जागी बाणाची चिन्हं दिसली तर लगेच फॉरमॅट मारू नका. बहुतेक वेळा फायली पुसलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. त्या बाणांवर क्लिक न करता आधी स्कॅन करा आणि लपलेल्या फायली जाणकाराकडून बाहेर काढून घ्या.

खंडणीची पाटी आली तर पैसे भरू नका. भरून फायली मिळतीलच याचा भरवसा नाही. मोबाइलवर पाटीचा फोटो काढा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

काहीच चाललं नाही तर शेवटचा उपाय फॉरमॅटचा. सगळं पुसून विंडोज नव्याने घालायची. हा उपाय पक्का आहे, पण ज्या फायलींची दुसरी प्रत नाही त्या कायमच्या जातात. म्हणून आता सगळ्यात महत्त्वाचं.

आगोट

मिरगाच्या आधी आपण आगोट भरतो. सुकी मासळी, मीठ, डाळी, कांद्याच्या माळा, लाकूडफाटा. पाऊस सुरू झाल्यावर कुणी आगोट भरायला निघत नाही. संगणकातल्या फायलींची जादा प्रत, म्हणजे बॅकअप, ही तशीच आगोट आहे. व्हायरस आल्यावर ती भरता येत नाही.

आणि ती संगणकापासून वेगळी हवी. पुन्हा मर्स्कचीच गोष्ट बघा. त्यांचं जगभरचं जाळं उभं करायला एक महत्त्वाची माहिती लागत होती. तिच्या प्रती अनेक देशांतल्या सर्व्हरवर होत्या, पण ते सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणून सगळे एकदम गेले. वाचला फक्त आफ्रिकेतल्या घाना देशातला एक. का? हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटला होता! एवढ्या मोठ्या कंपनीला वीज गेल्यामुळे हात मिळाला. जोडलेली प्रत बुडते, वेगळी ठेवलेली तरते.

आपल्याला नशिबावर कशाला सोडायचं? दोन पेन ड्राइव्ह फक्त आगोटीसाठी ठेवा. महिन्याची बैठक झाली, हिशेब लिहून झाला, की त्या दिवशीच्या फायली दोन्हींत घाला. लगेच काढून घ्या, लावून ठेवू नका. त्यावर तारखेची चिठ्ठी लावा. एक गटाच्या पेटीत आणि दुसरा अध्यक्षताईंच्या घरी ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, ओल लागणार नाही असा. पेन ड्राइव्हही कधी दगा देतो, म्हणून दोन. आणि गटाची हिशेबवही व पासबुकं हाताने लिहिणं चालूच ठेवा. वहीला व्हायरस लागत नाही.

येत्या बैठकीत एवढंच करा. आपल्या गटाच्या फायली कुणाकुणाच्या संगणकात आहेत ते विचारा, त्यांची प्रत आहे का ते बघा, आणि दर महिन्याला प्रत कोण काढणार तिचं नाव ठरावात लिहा. एकीवर भार नको, म्हणून पाळी लावा. जिला संगणक येत नाही तिला येणारीच्या शेजारी बसवा, दोन महिन्यांत तिलाही येईल.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!