यंत्रांचा निरोप्या

घरांतील बटन आणि दिवा यांचें नातें अगदीं सरळ असतें. दोहोंमध्यें एक तार असते. बटन दाबलें कीं तारेंतून वीज जाते आणि दिवा लागतो. मध्यें कोणी सांगणारा नाहीं, कोणी ऐकणारा नाहीं. पण एखादें जलशुद्धीकरण-केंद्र, साखरेचा कारखाना किंवा शहराला वीज पुरविणारी यंत्रणा घ्या. तेथें आज्ञा देणारा एके ठिकाणीं बसलेला असतो, आणि पंप, झडपा, भट्ट्या, विजेचे ब्रेकर हे कोठें फर्लांगभर तर कोठें कित्येक कोस दूर असतात. प्रत्येकाला स्वतंत्र तार ओढावयाची म्हटलें तर तारांचें रान माजेल. म्हणून आज्ञा शब्दरूपानें पाठवावी लागते. आणि शब्द आला कीं त्याबरोबर बोलणारा, ऐकणारा आणि निरोप नेणारा हेही आले. हा निरोप्या म्हणजे बहुधा तळहाताएवढी, छापील सर्किटची एक हिरवी पाटी होय. कारखान्यांतील मंडळी तिला 'कम्युनिकेशन कार्ड' किंवा नुसतें 'कार्ड' म्हणतात. आज तिची ओळख करून घेऊं. कारण आपल्या नळाचें पाणी आणि दिव्याचा उजेड पुष्कळ अंशीं तिच्या भरंवशावर आहे.

पूर्वीं कारखान्यांतील यंत्रांचा क्रम 'रिले' नांवाच्या शेंकडों विद्युच्चुंबकी खटक्यांनीं ठरविला जाई. क्रम बदलावयाचा म्हणजे तारा उपटून पुन्हां जोडावयाच्या. 1969 सालीं अमेरिकेंत जनरल मोटर्स या मोटारी बनविणाऱ्या कंपनीसाठीं 'मोडिकॉन 084' नांवाचा नियंत्रक तयार झाला. त्यांत यंत्रांचा क्रम तारांच्या जोडणींत नसून स्मृतींत लिहून ठेवलेला होता. अशा नियंत्रकाला आज पीएलसी म्हणतात. पुढें एका नियंत्रकाचे अनेक झाले आणि त्यांना एकमेकांशीं बोलण्याची गरज भासूं लागली. तेव्हां त्याच मोडिकॉन कंपनीनें 1979 सालीं 'मॉडबस' नांवाची एक बोली प्रसिद्ध केली. ती इतकी सोपी आहे कीं चार तपांच्या घरांत काळ लोटला, तरी जगांतील असंख्य कारखान्यांत ती अजून बोलली जाते.

आतां कार्डाचें काम पाहूं. आरएस-485 या रूढ पद्धतींत दोन तारांच्या एकाच जोडीवर 32 यंत्रें टांगतां येतात, आणि ती जोडी 1200 मीटरपर्यंत नेतां येते. हीं बत्तीसही यंत्रें एकदम बोलूं लागलीं तर बाजारांतल्यासारखा कोलाहल होईल व कोणाचेंच कांहीं ऐकूं येणार नाहीं. म्हणून मॉडबसचा नियम असा कीं, प्रथम बोलण्याचा अधिकार एकट्या मुख्य नियंत्रकाला. बाकीच्यांनीं विचारल्यावांचून तोंड उघडावयाचें नाहीं. प्रत्येकाला 1 ते 247 पर्यंतचा एक क्रमांक दिलेला असतो. नियंत्रक विचारतो, "क्रमांक सतरा, तुझ्या पंपाचा दाब सांग." तें सर्वांनाच ऐकूं जातें, पण उत्तर सतरा नंबरचें कार्डच देतें. असा प्रश्न अवघ्या आठ अक्षरांचा असतो, आणि सेकंदाला 9600 बिंदूंच्या नेहमींच्या वेगानें तो सेकंदाच्या सुमारें शंभराव्या भागांत पोहोंचतो. ही पाळी सांभाळण्याचें काम कार्डानें पत्करलें म्हणजे मुख्य नियंत्रकाला आपलें लक्ष यंत्रांकडे देतां येतें.

दुसरें काम निरोप शाबूत नेण्याचें. शेजारीं मोठी मोटार सुरू झाली कीं तारेंत विजेची खळबळ उडते आणि अक्षरें बिघडतात. यावर पहिली युक्ति दोन तारांची. एकींत दाब वाढतो तेव्हां दुसरींत तो कमी होतो, आणि कार्ड फक्त दोहोंमधील फरक वाचतें. बाहेरची खळबळ दोन्ही तारांवर सारखीच आदळत असल्यामुळें वजाबाकींत ती नाहींशी होते. दुसरी युक्ति हिशेबाची. वाणी यादीखालीं बेरीज लिहून देतो आणि आपण घरीं ती पडताळून पाहतों, त्याचप्रमाणें पाठविणारें कार्ड सर्व अक्षरांवर भागाकाराचें एक गणित करून त्याची बाकी दोन अक्षरांत निरोपाच्या शेवटीं जोडतें. घेणारें कार्ड तेंच गणित पुन्हां करतें. उत्तर जुळलें नाहीं तर निरोप टाकून देऊन तें गप्प बसतें. ठराविक वेळांत उत्तर आलें नाहीं म्हणजे मुख्य नियंत्रक तोच प्रश्न पुन्हां विचारतो.

तिसरें काम धन्याचें रक्षण. दूरवर गेलेल्या तारेजवळ वीज कडाडली तर तो धक्का थेट नियंत्रकापर्यंत जाऊं नये म्हणून चांगल्या कार्डावर मध्यें मुद्दाम एक खंड ठेवलेला असतो. त्याच्या अलीकडे एक चिमुकला दिवा लुकलुकतो व पलीकडे एक प्रकाशग्राही डोळा तें पाहतो. प्रकाश पलीकडे जातो. धातूची वाट मात्र नसते.

एवढें सगळें दक्षतेनें करणारा हा निरोप्या एक गोष्ट मात्र विचारीत नाहीं : "हा निरोप कोणी धाडला?" अक्षरें बिघडलीं नाहींत एवढेंच शेवटची बाकी सांगते. मूळच्या मॉडबसमध्यें सहीला जागा नाहीं आणि परवलीचा शब्दही नाहीं. 1979 सालीं यांत वावगें कांहींच नव्हतें. तार कारखान्याच्या भिंतींच्या आंत होती, आणि दारावरचा पहारेकरी हाच तिचा रक्षक होता. पुढें सोयीसाठीं तीच तार कचेरींतील संगणकांना जोडली गेली, आणि कचेरीमार्फत सर्व जगाला. भिंत नाहींशी झाली, पण निरोप्याची संवय तीच राहिली. कार्डांच्या इतर अनेक जुन्या बोलींचीही हीच कथा आहे.

याचा परिणाम 23 डिसेंबर 2015 रोजीं युक्रेनमध्यें दिसला. हल्लेखोर कित्येक महिने आधींच, संगणकावरील टपालाबरोबर धाडलेल्या फसव्या कागदांतून, तीन वीजवितरण कंपन्यांच्या कचेऱ्यांत शिरले होते व त्यांनीं परवलीचे शब्द चोरले होते. त्या दिवशीं दुपारीं एका कंपनीच्या नियंत्रणकक्षांतील माणसांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरूं लागला. उपकेंद्रांतील ब्रेकर एकामागून एक उघडत गेले आणि वीज तुटत गेली. एकाच कंपनीचीं 110 हजार व्होल्टचीं 7 व 35 हजार व्होल्टचीं 23 उपकेंद्रें बंद पडलीं. तिन्ही कंपन्या मिळून सुमारें सव्वादोन लाख ग्राहक ऐन हिवाळ्यांत अंधारांत सांपडले. प्रत्येक आज्ञा अक्षरशः बिनचूक होती. गणितांत कोठेंही चूक निघाली नसती.

पण खरा घाव याच्या पुढचा होता. या उपकेंद्रांत जुन्या तारेची बोली आणि नव्या ईथरनेटची बोली यांच्यामध्यें दुभाष्याचें काम करणारे लहान डबे होते. त्यांत आपलें कार्डच बसलेलें असतें. कार्डाच्या पोटांत त्याचें काम त्याला शिकविणारा एक आज्ञासंच साठविलेला असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. हल्लेखोरांनीं दुरूनच तो पुसून त्या जागीं निरुपयोगी मजकूर भरला. दुभाषा मुका झाला. नियंत्रणकक्षांतून ब्रेकर पुन्हां जोडण्याची आज्ञा देण्याची सोयच उरली नाहीं. शेवटीं कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनीं हातांनीं ब्रेकर जोडले, म्हणून कांहीं तासांत दिवे लागले. नियंत्रणकक्ष मात्र दोन महिन्यांहून अधिक काळ पूर्ववत् झाले नव्हते.

यावर उपाय आहेत. 2018 सालीं मॉडबसची एक सुधारलेली रीत प्रसिद्ध झाली. तींत बोलणाऱ्याला आधीं आपली ओळख पटवून द्यावी लागते आणि निरोपही गुप्त लिपींत जातो. नव्या कार्डांतून असेंही करतां येतें कीं, बनविणाऱ्याची गणिती मोहोर असल्याखेरीज कार्ड नवें फर्मवेअर स्वीकारणारच नाहीं. कांहीं यंत्रांवर किल्लीचा खटका असतो. कोणी माणूस जाग्यावर जाऊन किल्ली फिरवील तेव्हांच आंतला मजकूर बदलतो. अडचण एवढीच कीं, कारखान्यांतील कार्ड वर्षानुवर्षें चालतें, आणि तें बदलावयाचें तर चालू यंत्रणा थांबवावी लागते. म्हणून जुनें आणि नवें पुष्कळ वर्षें शेजारीं शेजारीं राहणार.

तोंवर कारखान्याच्या चालकाला दोन प्रश्न जरूर विचारावे. ही तार शेवटीं कोठवर जाऊन पोहोंचते, हा पहिला. आणि निरोप्या मुका झाला तर हातानें खटका ओढणारा माणूस आपल्यापाशीं आहे काय, व त्याला तें काम अजून येतें काय, हा दुसरा. युक्रेनमध्यें त्या रात्रीं उजेड परत आला तो या दुसऱ्या प्रश्नाला तेथें 'होय' असें उत्तर होतें म्हणून. नवीं यंत्रें आणतांना असे जुने हात कामावरून कमी करण्याचा मोह फार होतो. तो आवरलेला बरा.