मुठेच्या पाण्याचा प्राचीन साक्षीदार

पुण्याच्या शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या मंदिराजवळून वाहणारी मुठा नदी सह्याद्रीत उगम पावते. नदीच्या पाण्याची शुद्धता प्रयोगशाळेत तपासता येते, तशीच ती पाण्यातील कीटकांवरूनही ओळखता येते. ‘स्टोनफ्लाय’ हा असाच एक कीटक होय.

‘प्लेकॉप्टेरा’ या गणातील साडेतीन हजारांहून अधिक जाती ज्ञात असून अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत त्यांचा प्रसार आहे. थंड, वाहते पाणी त्यांना मानवते. त्यामुळे भारतात त्यांची विविधता हिमालयात सर्वाधिक आहे. पश्चिम घाटात प्रामुख्याने ‘निओपर्ला’ प्रजातीतील जाती आढळतात. या गणाचे जीवाश्म पर्मियन कालखंडातील, म्हणजे २५ कोटी वर्षांहून जुन्या खडकांत मिळाले आहेत. सह्याद्रीचा काळा कातळ मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

इतका चिवट वंश सांडपाण्यापुढे मात्र हतबल ठरतो. या कीटकाची पिले दगडांखाली वाढतात व पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्वचेवाटे आणि कल्ल्यांवाटे घेतात. सांडपाण्यातील घाण कुजताना हा प्राणवायू खर्ची पडतो. म्हणूनच सांडपाणी मिसळलेले शहरातील मुठेचे पात्र त्यांना राहण्यायोग्य उरत नाही.

शिक्षकांनी ओढ्यातील दगड अलगद उलटून विद्यार्थ्यांना ही पिले दाखवावीत व दगड पुन्हा जागी ठेवावा. शेपटीकडील दोन तंतू आणि प्रत्येक पायाच्या टोकाच्या दोन नख्या ही त्यांची खूण होय. ती न दिसल्यास पाणी दूषितच आहे असे नव्हे. परंतु पूर्वी दिसणारी पिले नाहीशी झाल्यास ग्रामपंचायतीने ओढ्यात सांडपाणी कोठून येते याचा शोध अवश्य घ्यावा.