सांधे किती प्रकारचे?

दोन हाडे जिथे जुळतात तो सांधा. पण सगळेच सांधे हलत नाहीत. प्रौढ माणसाच्या कवटीची हाडे एकमेकांत घट्ट गुंतलेली असतात. हे अचल सांधे. हलणाऱ्या सांध्यांचे मात्र बरेच प्रकार आहेत.

खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे. हाडाचा गोल माथा खोबणीत बसतो, त्यामुळे हात-पाय सर्व दिशांना फिरतात. खांद्याची खोबण उथळ असल्याने हात जास्त फिरतो, पण निखळतोही लवकर. खुब्याची खोबण खोल, म्हणून तो अधिक भक्कम.

कोपर हा बिजागरीचा सांधा. तो एकाच प्रतलात, साधारण १४५ अंशांपर्यंत वाकतो. मग किल्ली फिरवताना तळवा उलटा-सुलटा कसा होतो? तळवा वर असताना कोपराखालची दोन हाडे समांतर असतात. तो पालथा केला की अंगठ्याकडचे हाड करंगळीकडच्या हाडावर तिरके येते. हे काम खिळीच्या सांध्याचे. मानेचा पहिला मणका दुसऱ्याभोवती फिरतो, तोही याच प्रकारचा.

मनगटातली आठ छोटी हाडे एकमेकांवर सरकतात. अंगठ्याच्या बुडाशी खोगिरी सांधा असतो. त्यामुळेच अंगठा इतर बोटांसमोर येऊन चिमूट धरता येते.

हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते मुख्यतः सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून, आणि हालचालीमुळे तो द्रव खेळता राहतो. तेव्हा तासन्‌तास एका जागी बसू नका. मधूनमधून उठा, चाला.